जमीन रूप बदलते, मृत्युपत्र बदलत नाही

(वाढवण परिसरातील कुटुंबांसमोर एका विधिज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मृत्युपत्र, वारसा आणि मिळकतीतील पुढे मिळणारे हक्क हा आजचा विषय आहे. आपल्या घरांमध्ये या विषयाला अशुभ मानण्याची रीत आहे. मुलाने वडिलांना मृत्युपत्राविषयी विचारले, तर तो त्यांच्या मरणाची वाट पाहतो आहे असे नातेवाईकांना वाटते. त्यामुळे मुलगा विचारत नाही, वडील बोलत नाहीत, आणि वडिलांच्या तेराव्यानंतर जे बोलणे होते ते प्रेमाचे राहत नाही. वाढवणच्या समुद्रातील शंखोदर येथे पितृकार्य करण्याची आपली परंपरा आहे. पितरांचे ऋण मानणाऱ्या समाजाने पितरांनी मागे ठेवलेल्या मिळकतीची नीट व्यवस्था लावणे, हेही त्या ऋणातच येते.

आजच हा विषय का, असे कोणी विचारील. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. ७६,२२० कोटी रुपयांचा हा प्रकल्प आहे. त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा आहे. बंदर समुद्रात भराव घालून व्हावयाचे असले, तरी तेथे जाणारा रस्ता आणि रेल्वेमार्ग मात्र जमिनीवरूनच जाणार. वरोरपासून तव्यापर्यंत सुमारे ३२ किलोमीटरच्या महामार्गासाठी भूसंपादन हाती घेण्यात आले आहे. बंदर व्हावे की होऊ नये, याविषयी या सभेतच दोन मते असतील. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेल्या माणसाचा विरोध आणि नोकरीच्या आशेने पाहणाऱ्या तरुणाचे स्वागत, दोन्ही मला समजतात. तो वाद आज मी येथे आणणार नाही. परंतु विरोध करणाऱ्याच्या घरी जसा सातबारा आहे, तसाच स्वागत करणाऱ्याच्या घरीही आहे. आणि दोन्ही सातबाऱ्यांवर नाव बहुधा दिवंगत आजोबांचेच आहे. भूसंपादनाची नोटीस येते तेव्हा ती त्या नावाने येते. मोबदला घ्यावयास आजोबा येऊ शकत नाहीत. मग कोणी यावयाचे?

बहिणीचा हिस्सा नवा नाही

प्रथम थोडा इतिहास पाहू. हिंदू वारसाहक्काच्या बहुतेक भारतात याज्ञवल्क्य स्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका प्रमाण मानली गेली. परंतु गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांत, म्हणजे आपल्या या पट्ट्यात, न्यायालयांनी नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूख’ या सतराव्या शतकातील ग्रंथाला अग्रमान दिला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी या ग्रंथाचे संपादन केले आहे. या ग्रंथाचे एक वैशिष्ट्य आपण लक्षात ठेवावे. वारसांच्या क्रमात बहिणीला त्याने पितामहीनंतर लगेच स्थान दिले. इतरत्र तिला इतका वरचा मान नव्हता. म्हणजे बहिणीला हिस्सा देणे ही दिल्लीहून आलेली नवी टूम आहे, असे म्हणणाऱ्याने आपल्याच भूमीतील शास्त्र वाचलेले नाही. अर्थात मयूखातील बहीण जवळचे वारस नसताना वारस होत असे. भावाबरोबरीचा हक्क तिला पुढे कायद्याने दिला.

तो कायदा म्हणजे हिंदू उत्तराधिकार अधिनियम. तो १७ जून १९५६ रोजी अमलात आला. आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे की मुलीला हक्क २००५ साली मिळाला. हा अर्धा समज आहे. वडिलांनी स्वकष्टाने मिळविलेली मिळकत असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर मुलगी १९५६ पासूनच मुलाच्या बरोबरीची, वर्ग एकची वारस आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्माने हक्क मिळण्याचा प्रश्न वेगळा होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो हक्क अविवाहित मुलींना दिला, आणि केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून तो विवाहित-अविवाहित सर्व मुलींना मिळाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक शंका दूर केली: २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी या दुरुस्तीने उकरून काढता येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका आजोबांची स्वतः घेतलेली चिकूची वाडी होती. ते १९७८ साली मृत्युपत्र न करता गेले. मागे आजी, दोन मुलगे आणि दोन मुली. त्या दिवशी प्रत्येकाचा हिस्सा एक पंचमांश झाला. आजी १९९० साली गेल्या. त्यांचा पंचमांश चौघांत वाटला गेला. म्हणजे आज प्रत्येक भावंडाचा, अथवा त्याच्या वारसांचा, बरोबर चौथा हिस्सा आहे. परंतु सातबाऱ्यावर काय लिहिले आहे? थोरल्या काकांचे नाव आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आत्यांची नावे इतर अधिकारात कोपऱ्यात, किंवा मुळीच नाहीत. काकांना मनापासून वाटते की वाडी आपली. त्यांनी पाणी घातले, कलमे लावली, सारा भरला. ते कष्ट खरे आहेत. परंतु सातबारा हा महसुली अभिलेख आहे. फेरफाराने मालकी जन्मत नाही आणि नाव नसल्याने ती मरत नाही. काकांनी उद्या संपूर्ण वाडी एका मुलाच्या नावे मृत्युपत्राने लिहून दिली, तरी त्या कागदाने त्यांचा चौथा हिस्साच जाईल. जे आपले नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही.

शेती शेती होती तोवर हा घोळ झाकून राहिला. आत्या मे महिन्यात माहेरी येत, चिकूची पाटी घेऊन जात, आणि हिशेब तेवढ्यावर मिटत असे. मोबदल्याची रक्कम आली की तो तेथे मिटत नाही. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमात कलम ३ एच आहे. मोबदल्याच्या वाटणीविषयी वाद उपस्थित झाला, तर सक्षम प्राधिकारी तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवितो. जमीन जाते, रस्ता होतो, त्यावरून वाहने धावू लागतात, आणि रक्कम न्यायालयात अडकून राहते. भाऊ आणि बहीण यांच्यामध्ये वकील उभा राहतो. मी वकील आहे, म्हणून हे अधिकाराने सांगतो: त्या वादात सर्वांत शेवटी नुकसान वकिलाचे होते.

अपेक्षा म्हणजे हक्क नव्हे

या परिसरात सध्या सह्या घेणारे पुष्कळ लोक फिरताना दिसतात. वडील हयात आहेत, जमीन वडिलांची स्वकष्टार्जित आहे, आणि कोणीतरी मुलीकडून आजच हक्कसोड पत्र लिहून घेतो: वडिलांच्या पश्चात मला काही नको. किंवा एखादा दलाल मुलाला विसार देतो: उद्या तुला जो हिस्सा मिळेल तो मला लिहून दे. कायदा याविषयी अगदी स्पष्ट आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ६ च्या पहिल्याच खंडानुसार, वारस होण्याची नुसती शक्यता हस्तांतरित करता येत नाही. वडील हयात असेपर्यंत मुलांना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत हक्क नसतो. असते ती अपेक्षा. अपेक्षा विकता येत नाही आणि सोडताही येत नाही. तरीही सावध राहावे. अशा कागदाच्या मोबदल्यात पैसे घेतले आणि समोरच्याने त्यावर विसंबून पुढील व्यवहार केला, तर नंतर हरकत घेणाऱ्याला न्यायालय तोंड बंद ठेवावयास सांगू शकते. तेव्हा भगिनींनो, हिस्सा सोडावयाचा असेल तर आनंदाने सोडा. पण हक्क प्रत्यक्ष मिळाल्यावर, त्याची किंमत समजून, नोंदणीकृत कागदाने सोडा. भाऊबिजेच्या ताटाशेजारी ठेवलेल्या कोऱ्या मुद्रांकावर सही करू नका.

मृत्युपत्र कसे करावे

आपल्या धर्मशास्त्रात मृत्युपत्राला स्वतंत्र प्रकरण नाही. मिळकत कुटुंबाची, व्यक्ती तिची विश्वस्त, ही मूळ धारणा. मृत्युपत्राची पद्धत इंग्रजी अमदानीत रुळली. १८७० चा हिंदू विल्स कायदा मुख्यतः बंगाल आणि मद्रास व मुंबई शहरांपुरता होता. डहाणूसारख्या भागात हिंदूंनी तोंडी केलेले मृत्युपत्रही ग्राह्य धरले जाई. १ जानेवारी १९२७ पासून मात्र ते लेखीच असावे लागते. आजोबा जाताना असे बोलले होते, याला आता कायद्यात किंमत नाही.

नियम अवघड नाहीत. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा. त्याने सही किंवा अंगठा करावा, आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्या समक्ष सह्या कराव्यात. सही त्यांच्यादेखत झालेली असावी किंवा त्याने ती आपलीच असल्याचे त्यांना सांगितलेले असावे. मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहिले तरी चालते. नोंदणी ऐच्छिक आहे, परंतु दुय्यम निबंधकाकडे ती अवश्य करावी, कारण पुढे सही कोणाची हा वाद कमी होतो. ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीदार करू नये. हिंदूंच्या बाबतीत त्याने देणगी रद्द होत नसली, तरी संशयाला जागा राहते. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान निवडावेत, कारण मृत्युपत्र सिद्ध करताना हयात असलेल्या किमान एका साक्षीदाराला न्यायालयात बोलवावे लागते. १९५९ सालच्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यापासून न्यायालये एक गोष्ट सातत्याने पाहत आली आहेत: ज्याचा लाभ होतो त्यानेच पुढाकार घेतला होता काय, वृद्धाची प्रकृती कशी होती, जवळच्या वारसाला कारण न देता वगळले काय. म्हणून एखाद्याला कमी द्यावयाचे असेल तर त्याचे कारण दोन ओळींत लिहावे. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. शेवटचे तेवढे खरे.

मुंबईतील मिळकतीला २०२५ पर्यंत सक्तीच्या असलेल्या प्रोबेटची भीती पुष्कळांना असते. पालघर जिल्ह्यात केलेल्या आणि येथीलच मिळकतीविषयीच्या मृत्युपत्राला ते सक्तीचे नाही.

गट नंबर गेला तर?

आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. आपल्यापैकी काही सावध गृहस्थांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी मृत्युपत्र करून ठेवले आहे. त्यांना वाटते, आपले काम झाले. त्यात असे लिहिलेले असते: अमुक गट नंबरची वाडी धाकट्या मुलास, घर थोरल्यास, आणि बँकेतील रक्कम मुलीस. तिघांना न्याय मिळाला.

आता वाडीतून महामार्ग जातो. वडील हयात असतानाच जमीन संपादित होते, मोबदला त्यांच्या खात्यात जमा होतो, आणि दोन वर्षांनी त्यांचे निधन होते. मृत्युपत्र उघडले जाते. धाकट्याला काय मिळेल? भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याचे कलम १५२ सांगते की, विशिष्ट म्हणून दिलेली वस्तू मृत्यूसमयी मृत्युपत्र करणाऱ्याची राहिली नसेल, किंवा तिचे दुसऱ्या प्रकारच्या मिळकतीत रूपांतर झाले असेल, तर ती देणगी लोप पावते. वाडी उरली नाही, म्हणून धाकट्याची देणगी संपली. मोबदला बँकेतील रक्कम झाला, आणि बँकेतील रक्कम तर मुलीला दिलेली आहे! ज्या धाकट्याने आयुष्यभर वाडी राखली तो रिकाम्या हाताने उभा राहतो. बहिणीने मन मोठे केले तर घर टिकेल. नाही केले तर भाऊ जन्मभर म्हणत राहील की तिने माझी वाडी खाल्ली. येथे कोणाचीच नियत वाईट नव्हती. वडिलांची नव्हती, मुलीची नव्हती. जमिनीने रूप बदलले आणि कागद जुनाच राहिला, एवढेच घडले.

यावर उपाय एका वाक्याचा आहे. मृत्युपत्रात लिहावे: “सदर मिळकत माझ्या हयातीत संपादित अथवा विक्री झाल्यास तिचा मोबदला, आणि त्या मोबदल्यातून घेतलेली मिळकत अथवा ठेव, त्याच व्यक्तीस त्याच प्रमाणात मिळावी.” मोबदल्याचे खाते शक्यतो वेगळे ठेवावे. आणि शेवटी उर्वरित सर्व मिळकत कोणाला, हे अवश्य लिहावे. ते लिहिले नाही तर उरलेल्याला मृत्युपत्र नाही असे समजून वारसाहक्काचा सर्वसाधारण नियम लागतो. ज्यांनी या परिसरात मृत्युपत्र करून ठेवले आहे, त्यांनी आज घरी जाऊन ते पेटीतून काढून वाचावे, ही माझी पहिली विनंती.

नातवासाठी, पणतूसाठी

दुसरा प्रश्न भविष्यातील हक्कांचा. ‘माझ्या पश्चात पत्नीस हयातभर, तिच्या पश्चात मुलास’ असे आपण सर्रास लिहितो. यात मुलाला हक्क आजोबांच्या जागी वडील गेल्यावर लगेच प्राप्त होतो. केवळ उपभोग पुढे ढकलला जातो. दुर्दैवाने मुलगा आईच्या आधी गेला, तरी तो हक्क त्याच्या वारसांकडे जातो. परंतु ‘आईच्या निधनसमयी मुलगा हयात असल्यास’ असे लिहिले, तर हक्क सशर्त होतो आणि मुलगा आधी गेल्यास सूनबाई व नातवंडे उघड्यावर येतात. चार शब्दांचा फरक आहे. पत्नीविषयीही जपून लिहावे. हयातीपुरता दिलेला हक्क पोटगीच्या पूर्वापार हक्कापोटी दिलेला असेल, तर कलम १४ अन्वये ती पूर्ण मालक होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तुलसम्मा खटल्यात म्हटले. या कलमाच्या दोन पोटकलमांतील मेळ कसा घालावा, हा प्रश्न डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या पीठाकडे पाठविण्यात आला. तेव्हा पत्नीला काय द्यावयाचे आहे, हयातीपुरते की पूर्ण, आणि का, हे स्वच्छ लिहावे. माझे मत विचाराल, तर जिने पन्नास वर्षे संसार केला तिला पूर्ण मालकीचे काहीतरी द्यावेच.

काहींची इच्छा त्याहून लांबची असते: वाडी कधीही विकू नये, पिढ्यान्‌पिढ्या थोरल्या मुलाकडे जावी. ही भावना मोठी आहे, पण कायदा तिला मर्यादा घालतो. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार टागोरांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पुत्राला वगळून पुढील अनेक पिढ्यांचा क्रम मृत्युपत्रात ठरवून दिला होता. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, हिंदू कायद्याला अपरिचित असा वारसाक्रम एखादी व्यक्ती स्वतः निर्माण करू शकत नाही, आणि जन्मास न आलेल्याला देणगी देता येत नाही. पुढे १९१६ च्या कायद्याने न जन्मलेल्याला देणगीची मुभा मिळाली, पण दोन अटींवर. मध्ये कोणाला हयातीचा हक्क दिला असल्यास न जन्मलेल्याला उरलेला संपूर्ण हक्क द्यावा लागतो; आणि तो हयात व्यक्तींच्या आयुष्यानंतर, त्या वेळी अस्तित्वात असलेल्या वारसाच्या अज्ञानकालापलीकडे लांबविता येत नाही. होणाऱ्या नातवाला देता येते. त्याच्या नातवापर्यंत हात पोहोचत नाही. आणि पूर्ण मालकी देऊन कधीच विकू नये ही अट तर निरर्थकच ठरते. वाडी राखावयाची असेल तर ती मृत्युपत्राने राखली जाणार नाही. ती राखावीशी वाटेल असा मुलगा अथवा मुलगी घडवावी लागेल.

कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीविषयी एक सूचना. आपल्याकडे पुष्कळ जमिनी कलम ३२-म च्या प्रमाणपत्राच्या आहेत. १९४८ च्या मूळ मुंबई कुळवहिवाट कायद्याच्या गुजरातमधील आवृत्तीवर सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये सांगितले की, जे हस्तांतरण विक्रीने करता येत नाही ते मृत्युपत्राच्या वाटेनेही करता येत नाही. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन मृत्युपत्राने मिळेल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये.

एकाच तालुक्यात वेगवेगळे नियम

डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्र. येथील वारली, कोकणा, कातकरी आदी जनजाती बांधवांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम त्याच्या कलम २(२) अन्वये आपोआप लागू होत नाही. तेथे रूढी चालते. म्हणून मुलींना काहीच नाही, असा अर्थ मात्र काढू नये. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका जनजाती कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झाल्याशिवाय तिला समान हिस्सा नाकारता येत नाही. या जमिनींचे गैरजनजाती व्यक्तीकडे हस्तांतरण जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ अन्वये पूर्वमंजुरीशिवाय होत नाही. वनहक्क कायदा, २००६ खाली मिळालेला पट्टा वारशाने जातो, पण विकता वा हस्तांतरित करता येत नाही. आणि विवाहित असल्यास तो पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. तलासरीतील कार्यकर्त्यांनी हे पाड्यापाड्यावर जाऊन सांगितले पाहिजे. दलाल तेथे आपल्याआधी पोहोचलेला असतो.

आपले शेजारी असलेले पारशी-इराणी बागायतदार १९२५ च्या कायद्यातील स्वतंत्र प्रकरणाखाली येतात. १९९१ च्या दुरुस्तीपासून तेथे विधवा, मुलगा आणि मुलगी यांना सारखा हिस्सा आहे, आणि मृताचे आईवडील हयात असल्यास त्यांना मुलाच्या हिश्शाच्या निम्मा मिळतो. आईवडिलांचा हा विचार आपणही शिकण्यासारखा आहे. हिंदू पुरुषाच्या वारसांत आई वर्ग एकमध्ये आहे, वडील नाहीत.

आणि समुद्र? समुद्राला सातबारा नसतो. मासेमाराची होडी, इंजिन, जाळी ही जंगम मिळकत वारशाने व मृत्युपत्राने जाते. ज्या पाण्यात पणजोबांनी जाळे टाकले, त्या पाण्यावरील वहिवाट मात्र कोणत्याही मृत्युपत्रात लिहून ठेवता येत नाही. येथील कोळी बांधवांचे दुःख याच ठिकाणी आहे, आणि ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांनी ते समजून घ्यावे. निदान होडीची नोंदणी, परवाना आणि सोसायटीचे सभासदत्व दिवंगत वडिलांच्या नावे पडून राहू नये. उद्या कोणत्याही साहाय्याची यादी होईल तेव्हा कागदावरचाच माणूस मोजला जाईल.

आता काय करावे

पहिले, वारस नोंद. वारशाने हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यावी, असे जमीन महसूल संहितेचे कलम १४९ सांगते. मुदत टळली म्हणून हक्क जात नाही, पण नोंद आजही करून घ्यावी. २०२५ मध्ये राज्य शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबविली ती याच कारणासाठी. नोंद करताना आत्या, बहिणी, दिवंगत भावाची पत्नी, सर्वांची नावे सांगावीत. एक नाव गाळून केलेली नोंद पुढे सर्वांचाच मोबदला अडविते.

दुसरे, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांत गल्लत करू नये. बँकेत अथवा शेअरमध्ये ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले, तो रक्कम स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले. मोबदल्याच्या खात्यावर एकाचे नाव लावून बाकीच्यांना गृहीत धरू नये.

तिसरे, ज्येष्ठांसाठी. मोबदला हातात येताच प्रेमापोटी सर्व मुलांना बक्षीसपत्राने वाटून टाकू नये. वाटलेच, तर ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात असू द्यावेत; २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ मग आपल्या पाठीशी उभे राहते.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे. हे सर्व एकत्र बसून करावे. गणपतीला सर्व भावंडे घरी येतात. आरतीनंतर अर्धा तास कुटुंबातील ज्येष्ठांनी सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार सर्वांसमोर ठेवावेत. सासरी गेलेल्या मुलींना त्या वेळी स्वयंपाकघरात नव्हे, त्या कागदांसमोर बसवावे. कोणाचा किती हिस्सा, कोणी काय कष्ट केले, कोणाला अधिक गरज आहे, हे मोकळेपणाने बोलावे. कष्ट करणाऱ्या भावाला बहिणींनी चार पैसे अधिक सोडले, तर तो त्यांचा मोठेपणा. पण सोडण्यासाठी ते आधी त्यांचे असल्याचे मान्य झाले पाहिजे.

कुटुंब ही समाजाची पहिली शाखा आहे, असे आपण नेहमी म्हणतो. पैसा येण्याच्या दिवशी तिची परीक्षा होते. वाढवणमध्ये तो दिवस काही घरांच्या उंबऱ्याशी आला आहे, काहींच्या वाटेवर आहे. त्याआधी आपापली पेटी उघडा, कागद वाचा, आणि जे नाव गळले आहे ते स्वतःच्या हाताने लिहा.